धाकट्याच्या मागे थोरल्यांची सफ

रमजानचा चंद्र दिसला की इशाच्या नमाजनंतर मशिदींतून तरावीह सुरू होते. बहुतेक ठिकाणी रोज वीस रकात होतात आणि महिनाभरात कुरआनचे तीसही पारे पठण करून पूर्ण होतात. हे पठण करणारा हाफिज पुष्कळदा अठरा-वीस वर्षांचा असतो. त्याच्यामागे सफेत, म्हणजे रांगेत, निवृत्त शिक्षक असतात, व्यापारी असतात, त्याच्या आजोबांच्या वयाचे शेतकरी असतात. कधी त्याला शिकवणारे उस्तादही असतात. तो झुकला की सारे झुकतात. त्याच्या आधी कोणी झुकत नाही.

आणि तो चुकला तर? एखादी आयत विसरली, शब्द इकडचा तिकडे झाला, तर मागे उभा असलेला जाणकार तेवढेच शब्द स्पष्टपणे म्हणतो. याला लुकमा देणे म्हणतात. हाफिज ती दुरुस्ती घेतो आणि पुढे जातो. मागचा माणूस इमामाला बाजूला सारून पुढे येत नाही आणि इमामही नमाज संपल्यावर त्याचा राग धरत नाही. वयाने मोठ्या, अनुभवी माणसांचे नेतृत्व धाकट्याने कसे करावे, याचा इतका साधा धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आज हा धडा मशिदीबाहेर फार गरजेचा आहे. दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे संस्थान एकाच गावात असलेल्या मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही चित्र बदलले आहे. स्पर्धा परीक्षा देऊन आलेला पंचविशीतला तलाठी गावात रुजू होतो, तेव्हा त्याच्या हाताखालच्या कोतवालाचे केस पांढरे झालेले असतात. कोणता धुरा कोणाचा, पांदण रस्ता कुठून जात होता, कोणत्या दोन भावांत बोलणे बंद आहे, हे सारे कोतवालाला तोंडपाठ असते. बँकेत तरुण शाखाधिकारी आणि निवृत्तीला टेकलेला रोखपाल असतो. दुकानात शिकून आलेला मुलगा आणि वडिलांच्या काळातले दिवाणजी असतात.

अशा वेळी धाकट्याकडून दोन चुका होतात. पहिली सर्वांना दिसते. खुर्ची मिळाली म्हणून तो वडिलांच्या वयाच्या माणसाला चारचौघांत नावाने हाक मारतो, झापतो. दुसरी चूक मात्र सभ्यपणाचे कपडे घालून येते. ‘काकांना कसं सांगायचं’ म्हणून तो त्यांना काम देतच नाही आणि त्यांचे ओझे तरुण कर्मचाऱ्यांवर टाकतो. हा आदर नव्हे. त्या माणसाला आता त्याचा काही उपयोग नाही, असे न बोलता सांगणे आहे.

थोरल्यांकडेही दोष असतो. ‘आमच्या वेळी असंच चालायचं’ या वाक्यामागे कधी खरा अनुभव असतो, तर कधी नुसता आळस. संगणकावरचा सातबारा नको, जुनेच रजिस्टर बरे, असे म्हणणाऱ्याला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणणे हे वरिष्ठाचे काम आहे, मग त्याचे वय काहीही असो.

इस्लामच्या इतिहासात या प्रश्नाचा कस लागला तो इसवी सन 632 मध्ये. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सीरियाकडे जाणाऱ्या सैन्याचे प्रमुखपद उसामा बिन जैद यांना दिले. त्यांचे वय विशीच्या आतबाहेर आणि वडील एकेकाळचे गुलाम. सैन्यात हजरत उमर (र.) यांच्यासारखे ज्येष्ठ सहकारी होते. कुजबूज झालीच. पैगंबरांनी आजारपणातही ती खोडून काढली आणि उसामा या पदाला लायक आहेत असे जाहीरपणे सांगितले. त्यांच्या निधनानंतर सेनापती बदलण्याचा आग्रह झाला, पण पहिले खलिफा हजरत अबू बक्र (र.) यांनी तो मानला नाही. उसामा घोड्यावर आणि साठीचे खलिफा पायी, असे ते सैन्याला निरोप द्यायला गेले. उमर यांना मदिनेत ठेवून घ्यायचे होते, तर खलिफा असूनही त्यांनी उसामांची परवानगी मागितली. धाकट्याचा अधिकार थोरल्याने असा चारचौघांत मानला की बाकीच्यांची कुजबूज आपोआप थांबते.

वारकरी परंपराही तेच सांगते. थोर योगी म्हणून गाजलेल्या चांगदेवांनी लहानग्या मुक्ताबाईंना गुरू मानले. क्रिकेटच्या मैदानावर 1962 मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि एकवीस वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी कर्णधार झाले. संघात सोलापूरला जन्मलेले, आधी स्वतः कर्णधारपद भूषवलेले पॉली उम्रीगर होते. भारताने ती मालिका 5-0 अशी गमावली. पण छत्तिशीतल्या उम्रीगर यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत, पंधरा वर्षांनी लहान कर्णधाराच्या हाताखाली, नाबाद 172 धावा काढल्या.

पुढे उभे राहणाऱ्यावरही बंधन आहे. इमामाने नमाज फार लांबवू नये, कारण मागे वृद्ध, आजारी, कामावर जाणारी माणसे असतात, अशी पैगंबरांची ताकीद आहे. म्हणजे नेतृत्वाचा वेग पुढच्याच्या उत्साहावर नाही, तर मागच्यांच्या ताकदीवर ठरतो. तरुण अधिकाऱ्याने पहिल्याच महिन्यात सगळे बदलण्याआधी जुन्या माणसाजवळ बसावे, त्याला विचारावे, त्याचा सल्ला घेतला तर तसे सर्वांसमोर सांगावे. निर्णय मात्र स्वतः घ्यावा आणि चुकला तर जबाबदारी त्याच्यावर ढकलू नये. थोरल्याने चूक दिसताच, वेळेवर आणि तेवढ्यापुरती सांगावी. चूक होऊ देऊन मागून हसू नये.

कारण या मानापमानात नुकसान दोघांचेही होत नाही. ते होते फेरफारासाठी तिसऱ्यांदा चक्कर मारणाऱ्या शेतकऱ्याचे आणि खिडकीसमोर ताटकळणाऱ्या म्हातारीचे. साहेब धाकटा की बाबू थोरला, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. आपले काम आज होणार का, एवढेच त्यांना विचारायचे असते.