घरच्या कॉम्प्युटरला ‘होम’च पुरे

कुळागरात पंप बसवायचा असला की आमच्या नार्व्यात माणूस आधी विहीर बघतो. पाणी किती, पोफळी किती, विजेचं बिल किती येणार, यावर चार जणांशी बोलणं होतं आणि मगच पंप घरी येतो. त्याच घरात कॉम्प्युटर येतो तेव्हा मात्र कोणी काही विचारत नाही. दुकानदार जी विंडोज घालून देईल ती आपली. वर ‘प्रो आहे हं!’ असं शेजाऱ्याला सांगायचं. माझं म्हणणं एवढंच, की इथेही आधी विहीर बघावी.

घरगुती वापरासाठी विंडोज ११ च्या मुख्यतः दोन आवृत्त्या समोर येतात, होम आणि प्रो. नावावरून वाटतं की प्रो जास्त वेगाने चालत असेल. तसं काही नाही. त्याच मशीनवर दोन्ही सारख्याच चालतात. सुरक्षेचे अपडेट दोघींना येतात, व्हायरसपासून रक्षण करणारा डिफेंडरही दोघींत असतो. प्रोमध्ये जे जादा मिळतं ते बहुतेक ऑफिसच्या कामाचं. कंपनीच्या नेटवर्कला कॉम्प्युटर जोडणं, रिमोट डेस्कटॉपने दुसरीकडून तो चालवणं, बिटलॉकरची सगळी नियंत्रणं, हायपर-व्ही. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सीएच्या ऑफिसात याचा उपयोग आहे. पण प्रोजेक्ट लिहिणं, स्कॉलरशिपचा फॉर्म भरणं, आईच्या बँकेचे व्यवहार आणि रात्री एखादा सिनेमा, एवढ्यासाठी जादा पैसे का मोजायचे? पुण्याला नोकरी करणाऱ्या दादाने तिथून घरचा कॉम्प्युटर बघून द्यायचा असेल तर होममधलं क्विक असिस्ट पुरतं.

आता आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न, मराठी. चवथीच्या नि नाताळच्या सेलमध्ये जे लॅपटॉप मिळतात, त्यांतल्या पुष्कळांवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. नाव ऐकून काही जण घाबरतात: म्हणजे यात मराठी लिहिता येणार नाही? येतं की! एकच राहते ती मेनूची नि सूचनांची भाषा. कीबोर्ड तुम्ही हवे तेवढे जोडा. सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर मराठी निवडली की इनस्क्रिप्ट मिळतो, आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही मिळतो. दोन्ही फुकट आणि दोन्ही युनिकोडमध्ये. म्हणजे इथे लिहिलेली कविता दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडली तरी कविताच राहते. जुन्या फॉन्टमधल्या लेखांचं तसं नसतं. तो फॉन्ट नसेल तर पानभर चिन्हांचा कचरा दिसतो. मेनूसुद्धा मराठीत हवे असतील, तर मात्र घेतानाच बघा, डब्यावर नुसतं ‘होम’ लिहिलंय की पुढे ‘सिंगल लँग्वेज’ आहे. घरात आजोबा कॉम्प्युटर शिकत असतील तर हा फरक छोटा नाही.

मला खरा राग आहे तो चोरीच्या प्रोचा. थोड्या पैशांत ‘प्रो टाकून’ देणारे सगळीकडे आहेत. ही विंडोज चालू करण्यासाठी जो अ‍ॅक्टिव्हेटर वापरतात, तो चालावा म्हणून पुष्कळदा आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. राखणदाराला झोपवून दार उघडण्यातला हा प्रकार. आणि मग त्याच कॉम्प्युटरवर आई बँकेचा पासवर्ड टाकते, बाबा पीएफची शिल्लक बघतात. घरात कॉम्प्युटर एकच असतो, म्हणून एकाची हौस सगळ्यांना भोवते. खोट्या प्रोपेक्षा खरी होम दहा पटींनी बरी.

मग ज्यांचा कॉम्प्युटर जुना आहे त्यांनी काय करायचं? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचं मशीन यात बसलं आणि विंडोज १० होम खरी असली, तर ११ होम फुकट मिळते.

बसलं नाही म्हणून लगेच भंगारात काढू नका. उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाका. दोन्ही फुकट, आणि उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं अपडेट येतात. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं किती वर्षं लिनक्सवरच शिकताहेत, मग आपल्याला का जमू नये? लिब्रेऑफिस आहे, ब्राउझर आहे, मराठी कीबोर्ड आहे. मात्र घरात कोणी टॅलीवर काम करत असेल किंवा एखादं खास विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असेल, तर अडेल. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, वायफाय नि प्रिंटर चालतो का तपासा, फायली दुसरीकडे उतरवून घ्या, मगच जुनं पुसा.

मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. आपण कविसंमेलन घेतो, हस्तलिखित काढतो, तसा एक शनिवार यासाठीही ठेवूया. ज्याने त्याने आपला लॅपटॉप आणावा, सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ या पानावर आपली आवृत्ती कोणती ते बघावं, आणि मराठी कीबोर्ड बसवूनच घरी जावं. सायन्सवाल्या मुलांनी जुन्या मशीनची जबाबदारी घ्यावी. मराठी जगवायची म्हणतो ना आपण? मग ती रोज जिथे लिहायची, ती जागा आपल्या माहितीची असायला नको?