एका ऑपरेशनला भुलीची इतकी औषधं कशाला? उत्तर घोड्याकडे आहे

तुम्ही म्हणाल, डॉक्टर माणसांचे आणि लेख घोड्यांवर कसा? सांगतो. ऑपरेशन झालं की पेशंटचे नातेवाईक फाइल घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, भूल एकदाच दिली ना? मग गॅस दिला असताना वर ही चार-पाच इंजेक्शनं कशाला?" बिल फुगवलं का, ही एक शंका त्यामागे असते. ती बिल बघूनच सोडवावी लागते. दुसरी शंका अशी, की इतकी औषधं एकदम दिल्याने जिवाला जास्त धोका तर नव्हता? तिचं उत्तर मला घोड्याच्या उदाहरणातून द्यायला सोपं जातं.

घोड्याला भूल देणं फार जोखमीचं काम आहे. ब्रिटिश पशुवैद्यकांनी पुढाकार घेऊन केलेली एक मोठी पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ४१,८०० घोड्यांच्या नोंदी होत्या. भुलीनंतर सात दिवसांच्या आत १.९ टक्के घोडे दगावले. पोटशुळाच्या तातडीच्या केसेस वगळल्या तरी हा आकडा ०.९ टक्के, म्हणजे शंभरात जवळपास एक! चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी निरोगी माणूस निव्वळ भुलीमुळे दगावणं ही लाखात एखादी गोष्ट असते.

एवढा फरक का? साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर टेबलावर आडवं केलं की पोटातल्या आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो आणि रक्ताला प्राणवायू कमी मिळतो. अंगाच्या वजनाने खालचे स्नायू दबतात. त्यात आयसोफ्लुरेनसारखा भुलीचा गॅस रक्तदाब खाली आणतो, आणि गॅस जितका जास्त तितका दाब कमी. दाब फार उतरला की दबलेल्या स्नायूंना रक्त पोचत नाही आणि ते निकामी होऊ लागतात. म्हणून सरासरी रक्तदाब ७० च्या वर ठेवण्याची धडपड चालते.

खरी परीक्षा पुढेच असते. माणूस शुद्धीवर येताना कॉटवर कण्हत पडून राहतो. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. अर्धवट गुंगीत असतानाच तो उठायला धडपडतो, पडतो, पुन्हा उठतो. गाद्या लावलेल्या खोलीतसुद्धा पाय मोडतो, आणि मोडलेल्या पायाच्या घोड्याला बहुतेक वेळा दयामरण द्यावं लागतं.

आता उपाय बघा. नुसत्या गॅसवर घोडा पूर्ण बेशुद्ध ठेवायचा तर गॅस भरपूर लागतो आणि रक्तदाब कोसळतो. नुसत्या शिरेतल्या औषधांवर लहान ऑपरेशन छान निभावतं, पण दोन-दोन तास ती चालू ठेवली तर अंगात साठत जातात. गॅस श्वासावाटे बाहेर पडतो. शिरेतलं औषध मात्र मुख्यतः यकृताने निकामी करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. तोवर घोडा झोकांड्या खात उठणार! म्हणून दोन्ही थोडं थोडं देतात. गॅस कमी ठेवायचा आणि सोबत पंपाने लिग्नोकेन, केटामीन, झायलाझीनच्या गटातलं एखादं औषध संथपणे चालू ठेवायचं.

लिग्नोकेन म्हणजे तुमचा दाताचा डॉक्टर हिरडीत टोचतो तेच. शिरेतून दिलं की गॅसची गरज साधारण पाव हिश्शाने कमी होते. पण त्याने घोड्याचे पाय लटपटतात, म्हणून ऑपरेशन संपायच्या अर्धा तास आधी ते बंद करतात. केटामीन दुखणं मारतं आणि रक्तदाब फारसा पाडत नाही. जास्त झालं तर जनावर उठताना बिथरतं. झायलाझीनच्या गटातली औषधं घोड्याला शांतपणे उठू देतात, पण हृदयाचे ठोके मंद करतात. प्रत्येकाचा गुण वेगळा, खोडही वेगळी. डोस लहान ठेवला की गुण मिळतो आणि खोड आटोक्यात राहते.

माणसांच्या भुलीतही हेच तत्त्व आहे, आणि ते नवं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जॉन लंडी यांनी १९२६ मध्येच त्याला 'संतुलित भूल' असं नाव दिलं. झोप आणणारं औषध वेगळं, दुखणं थांबवणारं वेगळं, स्नायू सैल करणारं वेगळं. त्यामुळे फाइलमध्ये पाच नावं दिसली म्हणजे पाचपट भूल दिली असं समजू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ कुठलंच एक औषध जास्त द्यावं लागलं नाही, असा असतो.

पण एक सांगायलाच हवं. अशा मिश्रणाने गॅस कमी लागतो हे घोड्यांत नीट सिद्ध झालं आहे. त्यामुळे मृत्यू कमी होतात याचा तितका पक्का पुरावा अजून नाही. शिवाय हे जमतं ते दर मिनिटाला ठोके, दाब आणि श्वास बघणारा माणूस उशाशी उभा असतो म्हणून. सर्दीसाठी दुकानातून चार औषधं एकत्र असलेली गोळी आणून खाणाऱ्यांनी या लेखाचा आधार घेऊ नये. तिथे उशाशी कुणी नसतं.

माझ्या मते औषधं मोजण्यापेक्षा ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना भेटणं जास्त कामाचं. आपल्याकडे ही भेट फारच घाईत उरकली जाते, आणि त्यात पेशंटचाही वाटा असतो. दमा, फिट्स, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हलणारा दात, तंबाखू, दारू, सगळं सांगा, घरचे शेजारी बसले असले तरी. दात काढताना इंजेक्शनने चक्कर किंवा पुरळ आलं असेल तर तेही सांगा. रक्ताच्या नात्यातल्या कुणाला भुलीचा मोठा त्रास झाला असेल तर तो आवर्जून सांगा. आणि डिस्चार्ज घेताना भुलीच्या नोंदीच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ सगळ्यात आधी तोच कागद विचारतील.