फोमखालचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात सोलापूरच्या आमच्या जुन्या घरात आईच्या खोलीला लॅमिनेटची जमीन करण्याचे ठरले. आईचे वय 86. थंडीत शहाबादी फरशी तिच्या पायांना सोसवत नाही, एवढेच कारण होते. ठेकेदाराने खोलीवरून नजर फिरवली आणि तो म्हणाला, "साहेब, फोम डबल टाकतो. खड्डे कळणारसुद्धा नाहीत. दोन दिवसांत खोली तयार."

बँकेत 36 वर्षे काढलेल्या माणसास ही भाषा परिचयाची होती. न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकली की त्या दिवसाचा ताळा जमतो. फरक मात्र जागच्या जागी राहतो.

लॅमिनेटच्या फळ्या बहुधा 8 किंवा 12 मिलिमीटर जाडीच्या असतात आणि खाचेत खाच अडकवून बसवतात. खाली पोकळी असेल तर प्रत्येक पावलागणिक सांधा वाकतो, कुरकुरतो आणि अखेर तुटतो. फोम दुप्पट केल्याने हे दबणे वाढतेच. आईच्या पायांना जुन्या फरशीचा खड्डान् खड्डा ठाऊक होता. वरून सपाट दिसणारी आणि पाऊल टेकताच दबणारी जमीन तिला फसवणारी ठरली असती. म्हणून मी काम थांबवले.

प्रथम दोन मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी सर्व दिशांनी फिरवली. पट्टीखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसेल तेथे खडूने खूण केली. दाराजवळ उंचवटा होता, तर मधोमध नऊ मिलिमीटरचा खड्डा. शिवाय सगळी खोली एका कोपऱ्याकडे उतरत होती. तो उतारही भरून काढावा, असे गवंड्याचे मत पडले. तेव्हा आई म्हणाली, "अरे, तिथं मोरी होती. मामंजींनी मुद्दाम ढाळ दिला होता."

तिच्या बोलण्याने बराच खर्च वाचला. लॅमिनेटला जमीन सपाट लागते. ती पाणसळीत असलीच पाहिजे असे नाही. सलग, सौम्य ढाळ चालतो. खड्डे-उंचवटे चालत नाहीत.

पुढची तपासणी ओलीची. तळमजल्याच्या जुन्या फरशीतून ओल वर येते. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवला. खाली थेंब जमले नाहीत, दगडही काळवंडला नाही. तसे झाले असते, तर आधी ओलीचे कारण शोधावे लागले असते.

मग प्रत्येक फरशी ठोकून पाहिली. पोकळ वाजणाऱ्या फरश्या उचलून नव्याने बसवल्या. सांध्यांतील मुंग्या मऊ कुंचल्याने अलगद बाहेर काढल्या. उंचवटा घासला, धूळ व तेलकटपणा काढून प्रायमर लावला. आपोआप पसरणारे मिश्रण ढाळावरून खाली वाहते. म्हणून खड्ड्यात थापीने लावायचे दुरुस्तीचे मिश्रण भरून पट्टीने ओढून घेतले. ते पूर्ण वाळल्यावर पट्टी पुन्हा फिरवली. सावधगिरी म्हणून प्लॅस्टिकचा कागद, त्यावर एकपदरी फोम आणि मग फळ्या. हवामानानुसार फळ्या फुगतात, म्हणून भिंतींशी दहा मिलिमीटर जागा सोडली. जमीन वर आल्यामुळे दाराची खालची कड तासली आणि उंबऱ्याशी उतरती पट्टी लावली, जेणेकरून आईला ठेच लागू नये.

दोन दिवसांचे काम आठ दिवस चालले आणि खर्च सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढला. नवव्या दिवशी आई काठी न टेकता खिडकीपर्यंत गेली.

आपल्याकडे असे काम निघाल्यास दरपत्रकात 'जुनी जमीन तयार करणे' ही बाब स्वतंत्र ओळीत, मोजमापासह लिहून घ्यावी. जी ओळ दरपत्रकात नसते, ती फोमखाली जाते.