‘या, या’ म्हणणाऱ्या बोटी

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. थोडं बोटवाल्यांशी आणि थोडं आपल्याच घरच्यांशी.

माझा भाचा अटलांटाला असतो हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तो समुद्रात खोल उतरतो हेही आता घरात सगळ्यांना कळलंय. स्कूबा म्हटलं की आपल्याला आठवतं ते तारकर्ली-मालवण. प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो, मासे दाखवतो, फोटो काढतो आणि थोड्याच वेळात आपण वर. भाच्याचं प्रकरण वेगळं आहे. त्याला टेक्निकल डायव्हिंग म्हणतात. हौशी पाणबुड्यांची हद्द साधारण ४० मीटरची, हे लोक त्याच्या खाली जातात. पाठीवर एकाऐवजी दोन टाक्या, कुशीला आणखी दोन. श्वासालासुद्धा साधी हवा चालत नाही, हेलियम मिसळलेला वायू लागतो, कारण तेवढ्या खोलीवर हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो.

गेल्या गणपतीत सगळ्यांनी मला घेरलं. "तूच सांग त्याला, मावशीचं ऐकेल. हे खूळ सोड म्हणावं." मी सांगणार नाही. धोका आहे हे मला मान्य आहे. पण त्या धोक्याचा एक मोठा वाटा पाण्याखाली नसतो, वर बोटीवर असतो, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आधी थोडं विज्ञान. (बाई सुरू झाल्या, म्हणा खुशाल!) सोड्याच्या बाटलीचं झाकण फटकन उघडलं की काय होतं? बुडबुडे. माणसाचंही तसंच. खोल पाण्याच्या दाबाखाली वायू रक्तात, पेशींत विरघळतो आणि एकदम वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना, १८७०च्या दशकात, नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत मजूर काम करत. बाहेर आल्यावर ते वेदनेने वाकून जात, काही दगावले. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्यातच अधू झाला. पुढे १९०८ साली हाल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं मांडली. टप्प्यांचं ते तत्त्व आजही चालतं.

म्हणजे हिशेब असा: ६० मीटरवर पंचवीसेक मिनिटं घालवली की वर यायला जवळजवळ तास लागतो. शेवटचा मोठा मुक्काम ६ मीटरवर, शुद्ध ऑक्सिजन घेत. सहा मीटर म्हणजे दुमजली घराची उंची. वर बोटीचा तळ दिसत असतो, पण जाता येत नाही. घाई केली तर पांगळेपण किंवा मरण.

आता बोटीकडे येते. फ्लोरिडात पेन्साकोलापासून वीसेक मैलांवर अमेरिकन नौदलाची ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका समुद्रतळाशी उभी आहे. कोरिया, व्हिएतनामच्या युद्धांत वापरलेली. १७ मे २००६ रोजी ती मुद्दाम बुडवली, माशांना घर म्हणून. तिच्या मनोऱ्याचा माथा २५ मीटरच्या आसपास, तिथवर हौशी मंडळी जातात. विमानं उतरायची ती सपाटी ४४ मीटरवर आणि तळ ६५ मीटरवर, ते भाच्यासारख्यांचं. म्हणजे एकाच बोटीत दोन्ही जातींचे प्रवासी. भांडण तिथेच सुरू होतं.

पहिल्या खेपेला भाच्याने एका बोटवाल्याला फोन केला. "या, या, टेक्निकलवाल्यांचं स्वागत आहे!" एक प्रश्न विचारला नाही. पैसे मात्र आधी. बोटीवर जाऊन पाहतो तर बाकांच्या खाचा एकेरी टाक्यांच्या, याच्या जोडटाक्या ठेवायला जागा नाही. तरी उतरले. हा आणि त्याचा जोडीदार ६ मीटरवर ऑक्सिजन घेत लटकलेले, अजून अठ्ठावीस मिनिटं बाकी, आणि वर कॅप्टनने ‘वर या’ म्हणून इंजिन घुमवायला सुरुवात केली. का? तर बाकीच्यांना दुसऱ्या, उथळ जागी न्यायचं होतं. हे दोघे हलले नाहीत. वर आल्यावर पंधरा माणसांसमोर बोलणी खाल्ली आणि "पुन्हा येऊ नका" हेही ऐकून घेतलं.

मला सांगा, बेशिस्त कोण? कोष्टक पाळणारा, की माणूस पाण्यात असताना इंजिन घुमवणारा?

बोटवाल्यांची बाजू मी समजून घेतली आहे. विमा आहे, बिघडणारं हवामान आहे, उलट्या करत बसलेले प्रवासी आहेत, त्यांनीही पैसे मोजलेत. शिवाय टेक्निकलवाल्यांतही काही शिष्ट असतात, सगळी बोट आपल्या सामानाने भरून टाकतात. पण वेळेचं कारण मला पटत नाही. हौशी मंडळींना दोन बुड्यांच्या मध्ये तासाभर बोटीवर बसावंच लागतं. टेक्निकलवाल्यांना सगळ्यात आधी उतरवा, त्या तासाभरात ते वर येतात. शाळेचं वेळापत्रक लावणाऱ्या कुणालाही हे दहा मिनिटांत जमेल. आणि जमवायचं नसेल तर फोनवरच "नाही" म्हणा. त्या "नाही"चा मला राग नाही. मला राग आहे तो पैशासाठी म्हटलेल्या "हो"चा.

दुसऱ्या खेपेला मी अटलांटात होते, पेन्साकोलाला त्याच्याबरोबर गेले. वाटेत गाडीत स्पीकरवर दुसऱ्या कॅप्टनशी बोलणं झालं. बोलणं कसलं, तोंडी परीक्षा! प्रमाणपत्र कोणतं? वर्षभरात इतक्या खोल किती वेळा? टाक्या किती, प्रत्येकीवर वायू आणि खोलीची मर्यादा लिहिली आहे ना? एकूण वेळ किती? मग म्हणाला, "तुम्ही आधी उतरायचं. नव्वद मिनिटं मी जागचा हलणार नाही. शंभराव्या मिनिटाला दिसला नाहीत तर कोस्ट गार्डला कळवीन." भाचा जरा वैतागला होता. मी मात्र म्हटलं, हा माणूस आपला. स्वागत म्हणतात ते हेच.

सकाळी धक्क्यावर आणखी एक गोष्ट पाहिली. बोटीवरच्या पोऱ्याने यादी घेऊन एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि ज्याचं त्याने ‘हजर’ म्हटल्याशिवाय पुढे गेला नाही. परत निघताना समुद्रातही तसंच, असं भाचा म्हणाला. मी तीस वर्षं एसटीने सहली नेल्या आहेत. डोकी मोजली की चूक होते, कुणी खिडकीतून उतरून बोरं आणायला गेलेलं असतं. हजेरी नावाने घ्यायची. १९९८च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर लोनर्गन नावाचं अमेरिकन जोडपं पाण्यात असताना बोट निघून गेली. मोजणी चुकली होती. दोन दिवसांनी बोटीवर त्यांची बॅग दिसली तेव्हा कळलं. दोघं कधीच सापडली नाहीत. आणि ती काही टेक्निकलवाली नव्हती, साधी हौशी होती! म्हणजे चांगली बोट सगळ्यांनाच लागते.

त्या दिवशी संध्याकाळ होईतो मी धक्क्यावर बसून होते. काळजी वाटली का? वाटली. पण वर कुणीतरी घड्याळ धरून बसलंय हे माहीत असलेली काळजी वेगळी असते.

आता भाचा आणि त्याचे मित्र मिळून सहा उतारूंची छोटी बोटच अख्खी घेतात. महाग पडतं, पण इंजिनाची घाई नाही.

तर घरच्यांनो, त्याला फोन कराल तेव्हा "सोड ते" म्हणू नका. तो सोडणार नाही, फक्त तुम्हाला सांगणं सोडेल. त्यापेक्षा विचारा: बोट कुणाची? हजेरी कोण घेतं? किती वेळ थांबणार? बोटीवर ऑक्सिजन किती? त्याला उत्तरं द्यावी लागतील आणि ती देण्यासाठी कॅप्टनला विचारावंही लागेल.

मी तरी दर खेपेला विचारते. कंटाळतो, पण सांगतो.