क्रेडिट मिळेल, खोलीभाड्याचे काय?



कुडव्याची मुलगी एक सत्र पुणे विद्यापीठात शिकू शकते का? कागदावर, हो. यूजीसीने २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. योजनेतल्या दुसऱ्या विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट आपल्या पदवीत धरता येतात. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसही थेट पुण्याला जाते.

मग जाणार कोण? ज्याचा बाप सहा महिन्यांची खोली आणि मेस भरू शकतो, तोच. रोवणीला जाणाऱ्या मजूर आईची मुलगी नाही.

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा कमी पडला होता.

वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिचा हिशोब वर्षाचा. आपली मागणी स्पष्ट हवी: एका सत्रासाठी जाणाऱ्यालाही स्वाधार किंवा वसतिगृहात जागा, आणि पैसे सत्र सुरू होताना, संपल्यावर नव्हे.

मोठ्या विद्यापीठाचे ग्रंथालय कोणाची जहागीर नाही. समाजकल्याणला पुढचे निवेदन द्याल, तेव्हा हा मुद्दा जोडा.