बाटलीतला युरिया, खिशातला पैसा



सोसायटीच्या गोदामात युरियाच्या गोणीशेजारी अर्ध्या लिटरची बाटली येऊन बसली आहे. तिचे नाव नॅनो युरिया. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा मापाचे कण घडवायचे तर संशोधन हवे, आणि संशोधनाला पैसा हवा. तो येतो कोठून?

केंद्र सरकारने 2007 मध्ये ‘नॅनो मिशन’ काढून पाच वर्षांसाठी 1,000 कोटी रुपये ठेवले. त्यातून प्रयोगशाळा, यंत्रे आणि संशोधक उभे राहिले. हा पैसा करातला. बाटलीवरचे संशोधन मात्र इफ्कोने गुजरातेत कलोलला स्वतःच्या केंद्रात केले आणि 2021 मध्ये माल बाजारात आणला. पण इफ्को ही सहकारी संस्था. देशातल्या हजारो सोसायट्या तिच्या सभासद. म्हणजे एक खिसा सरकारी, दुसरा सहकारी, आणि दोन्हींत पैसा आपलाच.

तेव्हा हिशेब विचारावा. 45 किलोच्या गोणीत नत्र 20 किलोहून थोडे जास्त. 2021 च्या बाटलीत 20 ग्रॅम. इफ्कोचे म्हणणे असे, की पानावर फवारलेले नत्र वाया जात नाही, म्हणून बाटली गोणीची जागा घेते. 11,000 शेतांवरच्या चाचण्यांत उत्पन्न सरासरी 8 टक्के वाढल्याचे तिने सांगितले. उलट लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाला दोन वर्षांच्या प्रयोगात, युरियाच्या नेहमीच्या शिफारशीच्या तुलनेत, गहू 21.6 टक्के आणि भात 13 टक्के कमी मिळाला. पुढे 2024 मध्ये जास्त नत्राची, 20 टक्क्यांची बाटली निघाली.

माल बनवणाऱ्याने केलेली चाचणी खोटीच असते, असे नव्हे. पण विकणाऱ्याच्या तराजूवर तोललेले धान्य आपण घरी येऊन पुन्हा तोलतोच ना? तो दुसरा तराजू म्हणजे सरकारी पैशावर चालणारे कृषी विद्यापीठ. त्याला पैसा कमी पडला, तर तोलणार कोण?

तोवर पेरणीचे खत तोडू नका. इफ्कोही तेच सांगते. बाटली वापरायचीच तर चार गुंठ्यांत वापरा, शेजारच्या चार गुंठ्यांत नेहमीचा युरिया द्या, आणि दोन्हीकडचे धान्य वेगळे मोजा. तो आकडा सोसायटीच्या वार्षिक सभेत उभे राहून सांगा. भागधारकाचा तो हक्कच आहे.