‘सर्व’ म्हटले नाही की ‘सर्व नाही’ म्हटले?

१/ सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक २४२ चा विषय निघाला की एक वाक्य हमखास तोंडावर फेकले जाते : ‘इस्रायलने सर्व प्रदेश सोडावेत असे ठराव म्हणत नाही.’ वाक्य खरे आहे. ‘म्हणजे काही प्रदेश ठेवण्याची मुभा ठरावानेच दिली’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे, आणि त्याचे मूळ व्याकरणाच्या हातचलाखीत आहे.

२/ ५ ते १० जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, पूर्व जेरुसलेमसह वेस्ट बँक आणि गोलन टेकड्या व्यापल्या. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी ब्रिटनचे लॉर्ड कॅरॅडन यांचा मसुदा परिषदेच्या पंधराही सदस्यांनी एकमताने संमत केला. त्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे, असे त्यात आहे. इंग्रजी पाठात ‘टेरिटरीज’पूर्वी ‘ऑल’ नाही, ‘द’सुद्धा नाही.

३/ इंग्रजीत ‘ऑल’ आणि ‘नॉट’ एकत्र आले की अर्थ दुभंगतो. ‘ऑल द सोल्जर्स डिड नॉट रिटर्न’ : एकही परतला नाही, की काहीच परतले? मराठीने हसू नये. ‘सगळे मावळे परतले नाहीत’ एवढेच लिहिलेले सापडले, तर किती घरांत सुतक होते हे सांगता येणार नाही.

४/ येथे प्रश्न असा : नकार ‘म्हणणे’ या क्रियेला लागतो, की ‘सर्व’ या शब्दाला? ‘तो येईल असे मला वाटत नाही’ म्हणजे ‘तो येणार नाही असे मला वाटते’. ‘वाटणे’ हे क्रियापद नकाराला आत सरकू देते, ‘थिंक’ही देते. ‘म्हणणे’ आणि ‘से’ देत नाहीत. ‘तो येईल असे ती म्हणाली नाही’ यावरून ‘तो येणार नाही असे ती म्हणाली’ हे कोणी सिद्ध करून दाखवावे!

५/ गडाच्या पायथ्याशी पाटी असते : ‘सोबत आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या परत न्याव्यात.’ ‘सर्व’ हा शब्द नाही, म्हणून दोन पिशव्या वर टाकून येणाऱ्याला आपण काय म्हणतो?

यावर आक्षेप येईल की पाटीमागे वाटाघाटी नव्हत्या, ठरावामागे होत्या. हा आक्षेप योग्य आहे. अरब राष्ट्रांना आणि सोव्हिएत संघाला संपूर्ण माघारीची स्पष्ट शब्दयोजना हवी होती. ब्रिटन आणि अमेरिकेने ती नाकारली. जुनी सीमारेषा समाधानकारक नव्हती, असे कॅरॅडन यांनीच पुढे सांगितले. मौन हेतुपुरस्सर होते. परंतु सीमेचा प्रश्न खुला ठेवणे वेगळे आणि भूमी बहाल करणे वेगळे. युद्धाने भूमी मिळवणे अग्राह्य आहे, हे ठरावाच्या प्रास्ताविकातच आहे. गाळलेल्या ‘द’चा झेंडा मिरवणारे ती ओळ मात्र वाचत नाहीत.

६/ दुसऱ्या बाजूचीही सुटका नाही. फ्रेंच पाठातील ‘दे तेरितुआर’मध्ये निश्चित आर्टिकल सामावलेले आहे, ‘म्हणून सर्वच प्रदेश’, हा तिचा लाडका पुरावा. पण शब्दांची ओढाताण झाली ती इंग्रजी मसुद्यावर. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता. माघार सर्व प्रदेशांतून, असाच अर्थ आम्ही घेतो, हे भारताचे प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी परिषदेत मुद्दाम ‘सर्व’वर जोर देऊन सांगितले. मजकुरात ते निःसंदिग्ध असते, तर सांगावे कशाला लागले असते?

(मराठीत आणि रशियनमध्ये आर्टिकलच नाही, त्यामुळे अनुवादात हा वाद दिसेनासा होतो. अनुवादकाने पदरचा ‘काही’ किंवा ‘सर्व’ घातला असेल, तर तेवढे तपासून पाहा.)

७/ एप्रिल १९८२ मध्ये सिनाईतून माघार पूर्ण झाली. व्यापलेल्या भूमीचा क्षेत्रफळाने बहुतांश भाग तोच, ‘म्हणजे ठराव पाळला गेला’, असा युक्तिवाद तेव्हापासून चालू आहे. तो करणाऱ्यांनी २२ ऑक्टोबर १९७३ चा ठराव ३३८ उघडावा. २४२ ची अंमलबजावणी त्याच्या सर्व भागांसह करा, असे तो बजावतो. १९६७ मध्ये नाकारलेला ‘ऑल’ तेथे आला आहे. प्रदेशांपुढे नव्हे, ठरावाच्या भागांपुढे.